कडेची माणसं

१९९९ सालचा उन्हाळा होता. कारखान्यांचे पट्टे पडले होते, ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरनं गावी परतत होत्या. बीडच्या सुभाष रोडलगत एका गल्लीत दहा बाय बाराचा फोटो स्टुडिओ होता. कॉलेज सुटलं की मी तिथं कॉम्प्युटरवर बसायचो. एका दुपारी पाटोद्याकडच्या खेड्यातले एक बाबा आले. धोतराच्या सोग्यात धरलेली प्लास्टिकची पिशवी त्यांनी काउंटरवर ठेवली. आत वर्तमानपत्राची घडी, आणि घडीत सहा बाय आठचा एक ग्रुप फोटो.

"लेकरा, ही आमची मंडळी. तिचा येवढाच फोटू हाय. तेराव्याला मोठा करून पायजे."

फोटो पुतण्याच्या लग्नातला. रंग उडून तांबूस झालेला. तीन ओळींत पंचवीस-तीस माणसं, मधे नवरा-नवरी. बाबांनी बोट ठेवलं ते दुसऱ्या ओळीच्या डाव्या टोकाकडे. डोक्यावर पदर घेतलेला, अंगठ्याच्या नखाएवढा एक चेहरा. तिच्या शेजारी अगदी कडेला एक म्हातारी उभी होती. म्हातारीचा हात त्या बाईच्या खांद्यावर होता.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"माही माय. तिचं काई नको. हिलाच तेवढं घ्या."

त्या दिवशी मी एक चौकट ओढली. ती बाई चौकटीच्या आत आली आणि म्हातारी बाहेर राहिली. पंचवीस वर्षांहून जास्त काळ लोटला, पण त्या चौकटीची डावी रेघ मला अजून जशीच्या तशी दिसते. हा लेख त्या रेघेबद्दल आहे, आणि ती ओढायची सोय ज्यानं आमच्यापर्यंत आणली त्या छोट्या प्रोग्रॅमबद्दलही.

आधी वापरा, मग द्या

आमच्या कॉम्प्युटरची मेमरी ३२ एमबी होती. औरंगाबादहून कुणी फोटोशॉपची चोरून केलेली सीडी आणली होती, पण ते उघडायलाच इतका वेळ घ्यायचं की गिऱ्हाईक चहा पिऊन परत यायचं. म्हणून रोजचं काम चालायचं पेंट शॉप प्रोवर. हा प्रोग्रॅम १९९० साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉबर्ट व्हॉइट यांनी आणला. ते विमानाचे पायलट. कंपनीचं नाव त्यांनी 'जास्क' ठेवलं, म्हणजे 'जेट्स अँड सॉफ्टवेअर कंपनी', कारण त्यांच्या आयुष्यात दोनच गोष्टी होत्या, जेट विमानं आणि सॉफ्टवेअर. सुरुवातीला या प्रोग्रॅमचं काम चित्र एका प्रकारच्या फाइलमधून दुसऱ्या प्रकारात बदलण्याचं होतं. पुढं त्यात रंग दुरुस्त करणं आलं, ब्रश आले, आणि आमच्या कामाचं सगळ्यात मोठं अवजार होतं ते, म्हणजे क्रॉप.

माउसनं चौकट ओढायची. कडा धरून आत-बाहेर सरकवायची. मनाजोगं झालं की चौकटीच्या आत दोनदा क्लिक करायचं. चौकटीबाहेरचं सगळं क्षणात नाहीसं व्हायचं.

हा प्रोग्रॅम शेअरवेअर होता. आमच्याकडे हा शब्द कुणी वापरत नसे, सगळे 'ट्रायल' म्हणायचे. पण या शब्दामागचा विचार मोठा आहे. १९८२ साली अँड्र्यू फ्लुगेलमन या वकिली सोडून संपादक झालेल्या माणसानं कॉम्प्युटर फोनला जोडायचा 'पीसी-टॉक' हा प्रोग्रॅम लिहिला आणि लोकांना सांगितलं: याच्या प्रती करा, मित्रांना द्या, वापरा, आवडला तर मला २५ डॉलर पाठवा. त्याच सुमारास जिम नॉफ यांनी 'पीसी-फाइल' हा प्रोग्रॅम अशाच बोलीवर वाटला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट सोडून आलेल्या बॉब वॉलेस यांनी 'पीसी-राइट' आणला, आणि 'शेअरवेअर' हे नाव या पद्धतीला चिकटलं ते त्यांच्यापासून. दुकान, खोका, वितरक यांतलं काही नाही. एका माणसानं लिहायचं आणि अनोळखी माणसांच्या हाती सोपवून त्यांच्या इमानावर सोडून द्यायचं.

बीडपर्यंत हे पोचलं कसं? इंटरनेटनं तर नाहीच. व्हीएसएनएलनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ला, तेही आधी मोठ्या शहरांत. आमच्याकडे प्रोग्रॅम यायचे कॉम्प्युटरच्या इंग्रजी मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडीतून. पुण्याला किंवा औरंगाबादला शिकणारं कुणीतरी ती सीडी आणायचं. ती हातोहात फिरायची, प्रोग्रॅम फ्लॉप्यांवर उतरायचे आणि फ्लॉप्या एसटीनं पुढं गेवराईला, माजलगावला, केजला जायच्या. बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ला, अहिल्यानगरहून. म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा पहिला जमाना बीडनं एसटीच्या लाल गाडीतून आणला. कंडक्टरच्या हातात पाकीट द्यायचं, वर पत्ता लिहायचा आणि खाली 'फ्लॉपी आहे, दुमडू नये'.

उचल

प्रोग्रॅम सुरू केला की दर वेळी एक खिडकी समोर यायची. तीस दिवसांच्या मुदतीतला आज कितवा दिवस, ते ती सांगायची. स्टुडिओचे मालक विचारायचे, "हे रोज काय म्हणू लागलंय?" मी म्हणायचो, "मुदत सांगू लागलंय. वापरून पाह्यलं, आता पैसे द्या म्हणू लागलंय."

"किती?"

किंमत शंभर डॉलरच्या आत होती. डॉलर तेव्हा बेचाळीस रुपयांच्या आसपास होता. हिशेब केला तर काही हजार रुपये होत, म्हणजे आठ कॉपी पासपोर्टचे कित्येक सेट. तरीही मालक एकदा म्हणाले होते, "काम करतंय तर द्यायला पायजे. पण द्यावे कुठं?" प्रश्न खरा होता. क्रेडिट कार्ड आमच्या ओळखीत कुणाकडे नव्हतं. मिनेसोटा कुठं आहे हे नकाशात शोधावं लागलं असतं.

मालकांचं घर मूळचं ऊसतोडीचं. त्यांना उचल ठाऊक होती. बीड जिल्ह्यात उचल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. हंगामाआधी मुकादम कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, रोख रक्कम देतो. मग ती जोडी सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडात राबून ती फेडते. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. उचलीत पैसा आधी येतो आणि घाम नंतर गळतो. देणारा अंगठा घेतो, नाव लिहितो, आणि माणूस पळाला तर त्याला शोधून आणतो.

शेअरवेअरमध्ये घाम आधी गळलेला असतो. लिहिणाऱ्यानं रात्री जागून काम केलेलं असतं आणि ते आपल्या हाती दिलेलं असतं. पैसे नंतर, तेही पटलं तर. अंगठा नाही, मुकादम नाही. ज्या जिल्ह्यात माणसाची किंमत उचलीच्या आकड्यात सांगितली जाते, त्या जिल्ह्यातल्या एका पोराला जगाच्या दुसऱ्या टोकावरचा एक माणूस काही न विचारता अवजार देत होता, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आज कळतं, आणि त्या विश्वासानं मन भरून येतं.

थोड्याच दिवसांत आमच्या कॉम्प्युटरवर आणखी एक प्रोग्रॅम आला, लाल मांजराच्या चिन्हाचा. इरफानव्ह्यू. बोस्नियातल्या यायत्से गावचा इरफान स्किल्यान हा तरुण व्हिएन्नात शिकायला गेला. तिथं त्यानं १९९६ साली हा प्रोग्रॅम आणला. घरगुती वापराला फुकट, धंद्याला वापरायचा तर नोंदणीचे पैसे. तो फ्लॉपीवर मावायचा आणि क्षणात उघडायचा. चौकट ओढून कंट्रोल-वाय दाबलं की फोटो कापला जायचा. पहिल्यांदा मालकांनी नाव वाचलं आणि म्हणाले, "इरफान म्हणजे आपल्यातलाच कुणी असंल." बीडात इरफान नावाचा माणूस गल्लोगल्ली भेटतो. त्या नावानं तो प्रोग्रॅम आम्हाला जवळचा वाटला होता.

फ्लॉपीत मावेल एवढा माणूस

आज फोनमध्ये हजारो फोटो असतात. क्रॉप करणं ही तेव्हा हौस नव्हती, अडचणीतून काढलेली वाट होती. जरा हिशेब मांडून दाखवतो.

चार बाय सहा इंचाचा साधा रंगीत फोटो घ्या. दर इंचाला ३०० ठिपके या मापानं तो स्कॅन केला तर १२०० बाय १८०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे ६४ लाख ८० हजार बाइट. फ्लॉपीत मावत १४ लाख ७४ हजार ५६०. म्हणजे एका फोटोला पाच फ्लॉप्या, आणि पाचातली एक वाटेत बिघडली की सगळं वाया. पण त्याच फोटोतून एका माणसाचा साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा चेहरा कापून घेतला तर ४१३ बाय ५३१ ठिपके उरतात, साडेसहा लाख बाइटांच्या आसपास. एका फ्लॉपीत अशी दोन माणसं मावतात.

वर्तमानपत्रांना हेच हवं होतं. बीड हे दैनिकांचं गाव आहे, एवढ्याशा शहरातून रोज निघणाऱ्या वर्तमानपत्रांची नावं घ्यायला बसलं तर दोन्ही हातांची बोटं लागतात. खिळ्यांच्या छपाईच्या काळात फोटो छापायचा तर जस्ताचा ब्लॉक बनवून आणावा लागे. तो महाग पडे, म्हणून पुढाऱ्यांचे तेवढे ब्लॉक करून ठेवलेले असत आणि तेच वर्षानुवर्षं छापले जात. ऑफसेट आलं, पेजमेकर आणि श्रीलिपी आली, स्कॅनर आला, आणि साध्या माणसाचा चेहरा एका कॉलमात बसू लागला. दहावीत पहिली आलेली मुलगी, निवृत्त झालेले गुरुजी, आणि सगळ्यात जास्त निधनवार्ता. संध्याकाळी सहाच्या आत फ्लॉपी पोचली पाहिजे, असा निरोप यायचा. मी ग्रुपमधून चेहरा कापायचो, काळा-पांढरा करायचो, फ्लॉपीवर टाकायचो आणि सायकल काढायचो. वीज मधेच जायची. तेव्हा भारनियमन दिवसातून कित्येक तास असे. स्कॅन अर्धा झालेला असताना लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

तेराव्याच्या फोटोचं गणित याच्या उलट होतं. तिथं छोट्याचं मोठं करायचं असे. ग्रुप फोटोतला चेहरा एक सेंटिमीटरचा. ३०० च्या मापानं त्यात उभे ११८ ठिपके मिळतात. भिंतीवरच्या फ्रेममध्ये तोच चेहरा दहा सेंटिमीटरचा हवा. मग दर इंचाला तीसच ठिपके उरतात आणि माणूस फरशीच्या तुकड्यांचा बनल्यासारखा दिसतो. म्हणून अशा वेळी आम्ही ६०० वर स्कॅन करायचो. पण सहा बाय आठचा पूर्ण फोटो ६०० वर घेतला तर ५ कोटी १८ लाख बाइट होतात. आमच्या ३२ एमबीच्या कॉम्प्युटरचा त्यात दमच निघायचा.

त्यावर उपाय ठरलेला होता. आधी स्कॅनरनं पुसट नमुना दाखवायचा, त्यावरच चौकट ओढायची आणि तेवढाच तुकडा बारकाईनं स्कॅन करायचा. बाकीचा फोटो कॉम्प्युटरमध्ये यायचाच नाही. पेंट शॉप प्रोमधली कात्री त्यानंतर चालायची. म्हणजे त्या घरातला एकुलता एक ग्रुप फोटो माझ्या काचेवर पालथा पडलेला असायचा आणि मी त्यातलं एकच माणूस उचलायचो.

त्या बाबांच्या फोटोत मी तेच केलं. नमुन्यावर चौकट ओढली. डावी रेघ म्हातारीच्या कोपराजवळून गेली. खांद्यावर चार बोटं तेवढी राहिली. ती पुसून टाकायला ब्रश होता. शेजारच्या लुगड्याचा रंग उचलून बोटांवर फिरवायचा. मी दोन-तीनदा फिरवून पाहिला, पण लुगड्याच्या काठाची नक्षी बिघडत होती. बाहेर लग्नाची मंडळी अल्बमसाठी खोळंबली होती. मी बोटं तशीच ठेवली. बाबांनी प्रिंट हातात घेतली, लांब धरून पाहिली, आणि म्हणाले, "व्हय, हीच." बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. मग पिशवीत घडी घालून मूळ फोटो परत घेतला आणि गेले.

कात्री आधीही होती

कॉम्प्युटर यायच्या आधीही स्टुडिओवाले फोटो कापतच होते. डार्करूममध्ये एन्लार्जरचं डोकं वर सरकवलं की चित्र मोठं होई. खालच्या चौकटीच्या पट्ट्या सरकवून नको ते बाहेर ठेवता येई. पण निगेटिव्ह पूर्ण राहायची. स्टुडिओत निगेटिव्हची पाकिटं नंबर घालून ठेवलेली असत. दहा वर्षांनी कुणी आलं तरी वहीत नंबर सापडे आणि पूर्ण ग्रुप पुन्हा छापता येई. कापलेली फक्त प्रिंट असायची.

आमच्या भागात फोटोचं वय फार नाही. बीड हैदराबाद संस्थानात होतं, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. निजामाच्या दरबारात राजा दीनदयाळ यांच्यासारखा जगप्रसिद्ध छायाचित्रकार होता. महाल, शिकारी, सरदार, सगळ्यांचे फोटो त्यांनी काढले. त्याच संस्थानातल्या बालाघाटच्या डोंगरातल्या बायकांचा पहिला फोटो निघायला मात्र पुढं दोन-तीन पिढ्या जाव्या लागल्या. पुष्कळ बायकांच्या बाबतीत तो थेट मतदार ओळखपत्रावर निघाला. निवडणूक आयोगानं फोटोचं ओळखपत्र आणलं १९९३ साली, मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या काळात. शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली, पदर सावरून बाई खुर्चीवर बसली आणि कॅमेऱ्याकडे रागानं पाहिल्यासारखा तो फोटो निघाला. त्याआधीचा फोटो असलाच तर तो कुणाच्या तरी लग्नातला, आणि त्यातही ती कडेला. मधे नवरा-नवरी, खुर्च्यांवर पुरुष, पुढं पोरं, मागं तरुण. बायका बाजूला, आणि म्हाताऱ्या अगदी टोकाला.

कापायची वेळ आली की रेघ कडेवरच पडते. म्हणून कापण्यात कोण जातं, हे फोटो काढतानाच ठरलेलं असतं. स्टुडिओत बसून मी हे शेकडो वेळा पाहिलं आणि त्यातलं काहीच पाहिलं नाही.

कॉम्प्युटरमध्ये निगेटिव्ह नसते. फाइल हीच निगेटिव्ह आणि फाइल हीच प्रिंट. कापून त्याच नावानं 'सेव्ह' केलं की मूळ गेलं. जेपीईजी या प्रकाराचं तर आणखी एक आहे. १९९२ साली ठरलेल्या या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि डोळ्याला चटकन जाणवणार नाही असा बारीक तपशील त्यातून गाळतात. दर वेळी उघडून, बदलून, पुन्हा सेव्ह केलं की थोडं आणखी गळतं. पापण्या, काठाची नक्षी, कपाळावरचं गोंदण, असं बारीक असेल ते आधी जातं. पुढं इरफानव्ह्यूमध्ये जेपीईजी न गाळता कापायची सोय आली, चौकोनांच्या सीमेवरून बरोबर कात्री चालवणारी. पण कड वाचवणारी सोय कुठल्याही प्रोग्रॅममध्ये आपोआप येत नाही. ती वापरणाऱ्याच्या मनात असावी लागते. आमची हार्ड डिस्क चार जीबीची होती, ती भरत आली की मालक म्हणायचे, "मोठ्या मोठ्या फाइली काढून टाक." मी काढून टाकल्या.

वीस ते पन्नास केबी

आता तो स्टुडिओ नाही. त्या गल्लीत आता फ्लेक्स बॅनर छापणारी दुकानं आहेत आणि सेवा केंद्रं आहेत. अशाच एका केंद्रात मी या दसऱ्याआधी दोन दिवस बसलो होतो. टेबल एक, कॉम्प्युटर दोन, भिंतीला पांढरा पडदा टांगलेला. पीक विम्याचे अर्ज, जातीचे दाखले, भरतीचे फॉर्म, सगळं याच टेबलावर. इंग्रजीत पिकालाही क्रॉप म्हणतात आणि कापण्यालाही क्रॉप. या टेबलावर दोन्ही क्रॉप दिवसभर चालू असतात.

बँकेच्या भरतीचा फॉर्म भरायला एक मुलगी आली होती, वडवणीकडची. आई-वडील चार दिवसांनी कारखान्याला निघणार होते, त्याआधी तिला फी भरायची होती. बँकांची भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या अर्जाची मापं केंद्रातल्या पोराला पाठ होती. फोटो २०० बाय २३० ठिपके, वीस ते पन्नास केबी. सही १४० बाय ६०, दहा ते वीस केबी. तिनं कोऱ्या कागदावर काळ्या पेनानं सही केली. पोरानं फोनवर तिचा आणि सहीचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर घेऊन चौकट ओढली. पहिल्यांदा सहीचा शेवटचा फाटा बाहेर राहिला. मुलगी लगेच म्हणाली, "दादा, माझं आडनाव कापलं." त्यानं चौकट मोकळी केली आणि पुन्हा ओढली. तेव्हा फाइल बावीस केबी झाली आणि संकेतस्थळानं ती परत केली. तिसऱ्या वेळी जमलं. दोघांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मला माझ्या जुन्या खुर्चीत घेऊन गेलं. त्या मुलीनं कडेकडे बघितलं होतं. मी तेव्हा बघितलं नव्हतं.

त्या टेबलावर फोटोचं मोल किती वाढलंय, हे दोन दिवसांत दिसलं. ऊसतोड कामगारांना आता ग्रामपंचायतीतून ओळखपत्र मिळतं, त्यावर फोटो लागतो. त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, तिच्या प्रवेशाला फोटो लागतो. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा अर्जासाठी लाखो बायकांचे फोटो निघाले. ज्यांच्या सासवांचा आयुष्यात एकच फोटो होता, त्यांचे आज सरकारदरबारी पाच-सहा फोटो आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. पण हे सगळे एकट्या चेहऱ्याचे फोटो आहेत, मागं पांढरा पडदा. त्यात खांद्यावर कुणाचा हात नाही. ओळख पटते, पण हे माणूस कुणाचं, कुणाच्या शेजारी उभं राहायचं, ते त्यात राहत नाही. ते ठेवण्याचं काम अजूनही त्या जुन्या ग्रुप फोटोंचंच आहे.

चार बोटं

काही वर्षांपूर्वी मला शोधत एक तरुण घरी आला. त्या बाबांचा नातू. बाबा वारले होते. नातू शिकून शिक्षक झाला होता आणि घराण्याची माहिती जमवत होता. त्याला पणजीचा फोटो हवा होता. पणजीनं दुष्काळात एकटीनं पोरं जगवली, असं घरात सगळे सांगत, पण तिचा चेहरा कुणी दाखवू शकत नव्हतं. चुलत्यांनी त्याला सांगितलं होतं की एका लग्नाच्या फोटोत ती कडेला उभी होती, आणि तो फोटो बीडला एकदा स्टुडिओत नेला होता.

मूळ फोटो पत्र्याच्या पेटीत होता. एका हंगामात घर सहा महिने बंद होतं. परत आल्यावर पेटी उघडली तर वाळवीनं तळ खाल्लेला, फोटोची माती झालेली. त्याला आशा होती की कॉम्प्युटरमध्ये असेल. त्याचं म्हणणं बरोबर होतं. एकदा तो फोटो माझ्या स्कॅनरच्या काचेवर आला होता. पूर्ण आला होता. मी पूर्ण घेतला नव्हता.

त्यानं फोन काढून भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो दाखवला. त्याची आजी, डोक्यावर पदर, कपाळावर गोंदण. मी बोटांनी तो मोठा केला. डाव्या खांद्यावर, लुगड्याच्या काठाच्या वर, चार बोटं होती. माझ्या हातून न पुसली गेलेली.

"ही तुझ्या पणजीची," मी म्हणालो.

तो बराच वेळ बघत राहिला. एका पणजीचं एवढंच शिल्लक होतं.

त्यानंतर मी इरफानव्ह्यूच्या नोंदणीचे पैसे भरले. इतकी वर्षं धंद्याला वापरला होता, ते देणं होतं. जास्क कंपनी २००४ सालीच कोरेलनं विकत घेतली, त्यामुळं पेंट शॉप प्रोच्या पहिल्या मालकांना काही देण्याची वेळ निघून गेली होती. पैशाचं देणं उशिरा का होईना फेडता येतं. त्या माणसांनी आमच्यावर विश्वास टाकला होता, तो थोडा तरी फिटला. कापलेली कड मात्र कुठल्याही पैशानं परत येत नाही. एका माणसाला मोठं करताना शेजारचं माणूस कायमचं पुसलं जाऊ शकतं, आणि ते घडतं तेव्हा कुणालाच कळत नाही. कापणारा वाईट नसतो, प्रोग्रॅमही वाईट नसतो. फक्त आधी पूर्ण फोटो ठेवून घ्यायला हवा होता. तो न घेणं ही माझी चूक होती.

या दिवाळीत

हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा घराघरांत आवराआवर झाली असेल किंवा चालू असेल. माळ्यावरची पेटी खाली आली असेल. तिच्यात लग्नांचे, शाळेचे, दिंडीचे ग्रुप फोटो असतील. ते उजेडात घ्या. खिडकीजवळ, फ्लॅश न मारता, चारही कोपरे दिसतील असा पूर्ण फोटो फोनवर काढा. तालुक्याला स्कॅनर असेल तर पूर्ण स्कॅन करा. कापायचं असेल तर प्रत काढून प्रतीवर कापा, मूळ फाइलला हात लावू नका. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि डावीकडून उजवीकडे एकेक नाव विचारा. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं, नाहीतर पाकिटावर, ती नावं लिहून ठेवा.

सुरुवात कडेपासून करा. मधल्यांची नावं सगळ्यांना माहीत असतात.